सौद्याबाहेरचं

पौषातली थंडी ग्वाल्हेरात हाडापर्यंत पोचते आणि नेमकं त्याच दिवसांत अख्खं शहर घराबाहेर पडतं. रेसकोर्स रस्त्यावरच्या मैदानात मेळा भरलेला असतो. पाळण्यांचे दिवे धुक्यात पिवळे दिसतात, पापड तळणाऱ्यांच्या कढया रात्रभर उतरत नाहीत आणि हुडहुडी भरलेली माणसं हौसेनं सॉफ्टी खातात. खरी उलाढाल मात्र मोटारींची. सरकारनं रस्ताकरात निम्मी सूट जाहीर केली की भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. नव्या गाडीला झेंडूची माळ, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि पुढच्या सीटवर मानानं बसवलेली आजी.

हा मेळा मुळात गुरांचा. 1905 साली ग्वाल्हेर संस्थानचे माधवराव महाराज शिंदे यांनी सागरतालाच्या मैदानावर तो सुरू केला, तेव्हा तिथे विकायला येत ते बैल, म्हशी, घोडे आणि उंट. 1918 मध्ये मेळा आजच्या जागी आला. संस्थानाच्या दोन फुटी रुळांच्या छोट्या गाडीनं श्योपूर-सबलगढकडचे शेतकरी शहरात उतरत; ती गाडीही 2020 साली थांबली. कापड, भांडी, यंत्रं, मग मोटारी असा मेळा वाढत गेला आणि जनावरं कडेला सरकली. मला ओढ आहे ती त्या कडेच्या बाजाराची. ज्याच्यावर आपलं जगणं उभं आहे ती जमीन आणि ते जनावर माणूस विकतो, तेव्हा तो काय देऊन टाकतो आणि काय देत नाही, हे मी तिथे उभं राहून पाहत आलो आहे.

जनावर पारखणारा आधी बोलत नाही. तो जनावराभोवती एक फेरी मारतो. मागच्या पायांची ठेवण, खुरं, पाठ, वशिंड, गळ्याची पोळी, शेपटीचा गोंडा असं सगळं नजरेखालून घालतो. मग पुढे येऊन डाव्या हातानं नाक धरतो आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून तोंड उघडतो. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. वय सांगतात ते खालचे आठ. दुधाचेच दात असले तर वासरू आदत. मधली जोडी पडून रुंद, पक्के दात आले की दोनदाती, म्हणजे दोन-अडीच वर्षांचं. मग चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही दात आले की जनावर जुळलं. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून ओळखायचं. जुळलेला बैल दोनदाती म्हणून खपवायचा प्रयत्न झाला, तर हा अंगठा तो तिथल्या तिथे उघडा पाडतो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे खरं. पण इथे कुणी धर्म करायला आलेलं नसतं, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

म्हशीची पारख आणखी निराळी. चंबळेच्या या पट्ट्यातली आपली म्हैस म्हणजे भदावरी. अंगानं तांबूस, बेताच्या बांध्याची, गळ्याखाली दोन पांढऱ्या रेघा. मुऱ्हा म्हशीइतकं दूध ती देत नाही, पण तिच्या दुधात स्निग्धांश सरासरी 8 टक्के आणि कधीकधी 12 टक्क्यांच्याही पुढे. कोरड्या, दऱ्याखोऱ्यांच्या मुलखात निकस चाऱ्यावर ती तूप उभं करते. कितव्या वेताची आहे, सड चारही चालू आहेत का, परक्या हाताला पान्हा सोडते का, हे विचारायचं. एक वेळची धार चुकवून कास टच्च करून आणलेली म्हैसही बाजारात असतेच. म्हणून शहाणं गिऱ्हाईक दोन्ही वेळची धार समोर काढायला लावतं. पाण्यात म्हैस ठेवून वर मोल करणाऱ्याचा इथे टिकाव लागत नाही.

मग भावाची वेळ येते. दलाल खांद्यावरची साफी काढतो आणि दोघांचे हात तिच्याखाली जातात. वर चेहरे अगदी कोरे. साफीच्या खाली बोटं धरली जातात, दाबली जातात, सोडली जातात. किती बोटं धरली त्यावर आकडा, आणि तो शेकड्यातला की हजारातला हे दलाल तोंडानं सांगतो. मराठी मुलखात उपरण्याखाली चालणारे सौदे हेच. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणी काय मागितलं आणि कुणी किती नाकारलं ते कळत नाही. सौदा फिसकटला तरी विकणाऱ्याच्या जनावराची किंमत चारचौघांत उतरत नाही, आणि ज्याची ऐपत कमी पडली त्याचं तोंडही उघडं पडत नाही.

याच झाकणाखाली दलालांनी अडाणी शेतकऱ्याला नागवलंही आहे, आणि म्हणूनच बाजार समित्यांनी शेतमालाच्या खरेदीत अशी झाकली पद्धत बंद करून उघडा लिलाव आणला. ते योग्यच झालं. पण भाव उघडा करताना माणसाची गरज चारचौघांत उघडी पडू नये, ही त्या साफीखालची जाण मला मोलाची वाटते. विकायला आलेला माणूस बहुतेक वेळा अडचणीतच आलेला असतो. मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो, पडलेला पाऊस किंवा न पडलेला पाऊस असतो.

सौदा ठरतो, इसार दिला जातो, आणि मग जे घडतं त्यासाठी मी बाजारात रेंगाळतो. विकणारा जनावराच्या गळ्यातलं आपलं दावं सोडतो आणि खांद्यावर टाकतो. घेणाऱ्यानं स्वतःचं नवं दावं आणलेलं असतं. जुनं दावं सौद्यात नसतं. कुणी मागत नाही, कुणी देत नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दावं सोडण्याआधी खिशातून गुळाचा खडा काढून म्हशीच्या तोंडात घातला आणि घेणाऱ्याला इतकंच सांगितलं, "बायको धार काढायची हिची. सुरुवातीला बाईमाणसालाच बसू द्या." पैसे मोजून झाले होते. या सांगण्यानं भाव एक रुपयानं वाढणार नव्हता.

माझी आई सातारा जिल्ह्यातली. तिच्या लहानपणीच्या गोष्टींत पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असायची आणि तिथला खिलार बैलांचा बाजार. तिच्या माहेरीही बैल विकला तरी दावं घरी परत यायचं. ते गोठ्यातल्या खुंटीला टांगलं जायचं आणि पुढच्या जनावराला तेच लागायचं. पुसेगावापासून कण्हेरखेड फार लांब नाही, आणि राणोजी शिंद्यांचं, म्हणजे ग्वाल्हेरच्या राजघराण्याचं, मूळ त्या कण्हेरखेडचं. म्हणजे ज्या मुलखातून आमची माणसं शिंद्यांच्या फौजेमागून इथे आली, तिथली आणि इथली रीत एकच निघाली. ती कुणी नर्मदेपलीकडून आणली की इथल्या गुर्जर-अहिरांची ती आपलीच, याचा निवाडा करायची मला गरज वाटत नाही. जनावर विकून रिकाम्या हातानं घरी जाणं सोसत नाही, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सारखंच उमगलं असणार.

जमिनीच्या व्यवहारातही असं काही बाजूला ठेवलं जाई. आमचं घराणं सरदारांचं नव्हे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलकी कचेरीत लेखणी चालवणाऱ्या कारकुनांचं. त्यामुळे घरात तलवार नाही, पण मोडी कागदांची एक पेटी आहे. आजोबांनी मला त्या कागदांवर बोट ठेवून मोडी वाचायला शिकवली. त्यांत एका इनामाच्या सनदेची नक्कल आहे. जमीन देताना तिच्याबरोबर काय काय दिलं, याची त्या काळची ठरीव यादी तीत येते: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, एवढंच काय, जमिनीखाली पुरलेलं धनसुद्धा. इतकं सगळं मोकळ्या हातानं देऊन झाल्यावर पुढे येतं, 'खेरीज हक्कदार व इनामदार करून'. दुसऱ्या कुणाचा त्या मातीवर आधीपासून हक्क असेल, तर तो देणाऱ्याचा नाही. म्हणून तो दिलेला नाही.

मराठी मुलखात मिरास, म्हणजे वंशपरंपरेनं चालत आलेली, जमीन विकायची तर विकणारा आणि घेणारा एवढ्यांवर भागत नसे. गोत बसे. पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार आणि बलुतेदार साक्षीला येत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटे. चतुःसीमा सांगितल्या जात: पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला कोणता ओढा. एका माणसाची गरज गावासमोर येई ती कागदाच्या रूपानं, आणि त्या कागदावर आजूबाजूच्या सगळ्यांची नावं असत. जमीन एका घरातून दुसऱ्या घरात जाई, पण गावातून बाहेर पडत नसे.

गावच्या मातीला धरून राहण्याच्या या भावनेचं बळ केवढं असतं, ते आमच्या शिंद्यांच्या इतिहासातच दिसतं. महादजींनी उत्तर हिंदुस्थानची सूत्रं हाती घेतली, 1784 मध्ये दिल्लीच्या बादशहानं त्यांच्याकडे सर्वाधिकार दिले, तरी स्वतःला पाटील म्हणवून घेण्यातच त्यांना अभिमान वाटे. पुढे 1803 च्या डिसेंबरात दौलतराव शिंद्यांना इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह करावा लागला. गंगा-यमुनेचा दुआब गेला, दिल्ली-आग्रा गेलं, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. त्या तहातही दख्खनेतली काही वडिलोपार्जित गावं शिंद्यांकडे राहिली, आणि त्यांत पारनेरजवळचं जामगाव होतं. साम्राज्याच्या हिशेबात अशी चार-दोन गावं म्हणजे काहीच नव्हे. पण पराभवाच्या कागदावर माणूस ज्या गोष्टींसाठी शब्द खर्च करतो, त्या त्याला किती जवळच्या असतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

जमीन विकत घेण्याची मोठी घाई त्याच सुमारास अमेरिकेत चालू होती. तिथल्या काँग्रेसनं 1785 साली कायदा करून ओहायो नदीपलीकडचा मुलूख चौरसांत आखायला घेतला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक गट, त्याचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा, आणि लिलावात किमान भाव एकरी एक डॉलर. कधी न पाहिलेली जमीन माणूस नुसत्या आकड्यावरून विकत घेऊ लागला. त्या कायद्यातही एक गोष्ट विक्रीबाहेर ठेवलेली होती: प्रत्येक गटातला 16 क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखायचा. मैलोगणती रान लिलावात काढताना, अजून तिथे न जन्मलेल्या मुलांचा वाटा कुणी आधी बाजूला काढला, हे वाचून मला त्या लोकांविषयी आदर वाटला. पण त्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शॉनी, डेलावेर, मायामी लोकांचा हक्क मात्र कुणी बाजूला काढला नाही. चौरस आखताना ती माणसं रेघांखाली गेली. काय विकू नये याचा विचार झाला, पण तो अर्धाच झाला.

आपल्याकडेही तो अर्धाच झालेला होता, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्या गोताचं मी कौतुकानं सांगितलं, त्यात सगळ्यांना जागा नव्हती. शेत कसायचं, पण नाव लागणार नाही, अशी कितीतरी घरं प्रत्येक गावात होती. ग्वाल्हेर संस्थानात जमीनदार आणि जहागीरदार सारा गोळा करीत आणि खाली कसणारा माणूस त्यांच्या मर्जीवर जगे. 1948 मध्ये मध्यभारत राज्य झालं, 1951 मध्ये जमीनदारी गेली, आणि कसणाऱ्याचं नाव 'पक्का कृषक' म्हणून कागदावर आलं. 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेनं त्याला भूमिस्वामी केलं. ज्याला कधी काही विकताच येत नव्हतं, त्याच्या हाती पहिल्यांदा विकण्यासारखं काही आलं. विकता येणं हे स्वातंत्र्य आहे. अडीनडीला दोन बिघे विकून मुलगा शिकवता येतो, सावकाराचं तोंड बंद करता येतं. म्हणून खसऱ्यावरचं नाव, रजिस्ट्री, नामांतरण, नकाशा हे सगळं चोख असायला हवं, असं मी मनापासून मानतो. जुनी रीत चांगली आणि नवा कागद कोरडा, असं बोलणं ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कागद होता त्यालाच परवडतं.

आमच्या घराचीही डबऱ्याकडे थोडी जमीन होती. आजोबांनी नोकरीतल्या बचतीतून घेतलेली. गहू आणि हरभरा पिके. गावातलंच एक कुटुंब ती बटाईनं करायचं. आजोबा गेले, बाबा थकले, आम्ही भावंडं नोकऱ्यांत. जमीन विकायचं ठरलं तेव्हा बाबांनी आधी त्या कुटुंबालाच विचारलं, आणि त्यांनी बाजारभावापेक्षा थोडं कमी, पण हप्ता न चुकवता देण्याचं कबूल केलं. कागद तयार होत होता तेव्हा त्या कुटुंबातला म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "बाबूजी, चबूतरा कागज में मत लिखवाना। वो तो गाँव का है।"

शेताच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली कारसदेवाचा चबुतरा आहे. कारसदेव हा इकडच्या गुर्जर-अहिरांचा, गुराख्यांचा देव. जनावर आजारी पडलं की त्याला नवस बोलायचा, म्हैस व्याली की दूध आधी त्याला. चौथीच्या रात्री तिथे ढांक वाजतो आणि गोटं गायली जातात. म्हणजे विकत घेणारा स्वतःच म्हणत होता की एवढी जागा मला विकू नका. बाबांनी लिहिणाऱ्याला थांबवलं. चबुतरा, कडुनिंब आणि तिथवर जाणारी पायवाट गावाकडे राहील, असं कलम घातलं. कचेरीत त्यावर थोडी कुरकुर झाली, मग झालं. बाबा आणि तो म्हातारा दोघांनी अंगठ्याला लागलेली शाई एकाच कापडाला पुसली. त्या दिवशी बाबांनी जमीन गमावली असं मला वाटलं नाही. ती कुणाकडे गेली हे त्यांना माहीत होतं, आणि जे त्यांचं नव्हतंच ते त्यांनी विकलं नव्हतं.

आता शहराच्या कडेनं सिरोलकडे किंवा पुरानी छावनीच्या बाजूला गेलं की दुतर्फा फलक दिसतात. शेतं प्लॉटांत मोडली जात आहेत. खरेदीखतात चतुःसीमा अजून लिहितातच, पण त्यांत माणसं नाहीत: पूर्वेला प्लॉट, पश्चिमेला प्लॉट, उत्तरेला रस्ता. शहर वाढणार, घरं लागणार. त्याला माझा विरोध नाही. माझं दुःख इतकंच की त्या शेतांतल्या विहिरीवर कुणाचं पाणी होतं, गुरं कोणत्या वाटेनं चरायला जात होती, बांधावरचं झाड कुणी लावलं होतं, हे विचारणारं त्या सौद्यात कुणी उरत नाही.

बैलाच्या बाबतीत तर सौदाच उरला नाही. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. कायद्यानं म्हाताऱ्या बैलाचा शेवटचा बाजारही मिटवला. आता गोऱ्हा जन्मला की तो कुणाला नको असतो. रात्री आग्रा-झाशी रस्त्यावर डांबराच्या उबेला बसलेली जनावरं पाहिली की जीव वरखाली होतो. त्यांच्या गळ्यात दावं नसतं. त्यांना कुणी विकलं नाही, म्हणून दावं खांद्यावर टाकून कुणी घरी गेलं नाही. नुसतं सोडून दिलं. शहरातल्या लाल टिपाऱ्याच्या गोशाळेत अशी हजारो जनावरं आणून ठेवली आहेत, आणि 2024 पासून तिथल्या शेणावर वायू करणारा प्रकल्प चालतो. तो चालावा, वाढावा. ज्या जनावराला कुणी भाव देत नाही त्याला मान तरी मिळेल असं वाटणं भाबडं आहे. बाजारात निदान एक माणूस त्याचं तोंड उघडून दात पाहत असे, आणि दुसरा त्याच्या खोडी सांगत असे. त्या दोघांत जनावराविषयी बोलणं होत असे.

म्हणून मी आमच्या घरातल्या तरुणांना, आणि जमिनीची कामं करणाऱ्या माझ्या भाच्याला, एवढंच सांगतो. विका, अवश्य विका, चोख कागद करून आणि पुरता भाव घेऊन विका. पण सही करण्याआधी घेणाऱ्याला बरोबर घेऊन शेताच्या चारही बांधांवरून एकदा चाला. शेजाऱ्यांची नावं त्याला सांगा. विहिरीचा, वाटेचा, झाडाचा, देवाचा हक्क असेल तो कागदावर वेगळा काढा. जनावर द्याल तर त्याची खोडही सांगा आणि सवयही. यातलं काहीही किमतीत धरलं जात नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते किमतीत धरलं जात नाही म्हणूनच ते सांभाळण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. घेणाऱ्याला अजून काही माहीत नसतं. जे माहीत असतं, ते देणाऱ्यालाच.